बारा अंकांचा ताळा

मीरा रोड स्थानकाच्या पूर्वेला नया नगर. इथले रुग्ण सरकारी किंवा पालिकेच्या रुग्णालयाच्या नोंदणी खिडकीवर उभे राहिले की पहिली अडचण येते ती नावाची. शेख, खान, अन्सारी, सय्यद या चार आडनावांतच रांगेतले अर्धे लोक बसतात. त्यात ‘मोहम्मद’चे इंग्रजी स्पेलिंग आधार कार्डावर एक, रेशन कार्डावर दुसरे आणि जुन्या केसपेपरवर तिसरेच असते. ही काही एका वस्तीची खासियत नाही. भाईंदर-उत्तनच्या बाजूला पाटील आणि डिसोझा यांची हीच गत आहे. २००१ च्या जनगणनेत ५ लाख २० हजारांच्या आसपास असलेली मीरा-भाईंदरची वस्ती २०११ मध्ये ८ लाख ९ हजारांवर गेली. एवढ्या गर्दीत नाव हे ओळखीचे साधन म्हणून फार काळ पुरत नाही. मग आकडा येतो. आधारचे १२ अंक, ‘आभा’ या आरोग्य खात्याचे १४ अंक, मोबाइलचे १०, बँक खात्याचे ९ पासून १८ पर्यंत कितीही, आणि त्या दिवशीच्या केसपेपरचा क्रमांक वेगळाच.

आयुष्मान भारत डिजिटल मिशन २०२१ च्या सप्टेंबरमध्ये देशभर सुरू झाले. तेव्हापासून सरकारी रुग्णालयांत आकड्यांची ही भर वाढतेच आहे. त्यावरची चर्चा बहुतेक वेळा खासगीपणाभोवती फिरते आणि ती व्हायलाच हवी. पण एक साधा प्रश्न त्यात मागे राहतो. खिडकीवरच्या कर्मचाऱ्याने १२ पैकी एक अंक चुकीचा टाकला तर काय होते? चूक तिथेच पकडली जाते, की ती रक्ताच्या नळीवर, एक्स-रेवर आणि औषधाच्या चिठ्ठीवर स्वार होऊन वॉर्डापर्यंत पोहोचते? याचे उत्तर कर्मचाऱ्याच्या दक्षतेत जेवढे आहे, त्याहून जास्त त्या संख्येच्या घडणीत आहे.

चुका कशा होतात ते आधी पाहू. लांब आकडा माणसे दोन-दोनच्या जोडीने सांगतात. मराठीत ४७ ला ‘सत्तेचाळीस’ म्हणतात, म्हणजे आधी सात ऐकू येतो, मग चाळीस. ऐकणारा घाईत असेल तर बोटे आधी सातवर पडतात आणि संगणकात ७४ उमटतो. हिंदीतल्या ‘सैंतालीस’चेही तसेच. ‘एकोणसाठ’, ‘एकोणसत्तर’, ‘एकोणऐंशी’ यांची गल्लत तर शाळेपासूनची. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘सत्तेचाळीस’च्या जोडीला ‘चाळीस सात’ अशी मांडणी आली, तेव्हा राज्यभर गदारोळ झाला. भाषा बुडाली असे म्हणणारे खूप होते. गणित समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर यांचे म्हणणे साधे होते: लिहिण्याचा क्रम आणि बोलण्याचा क्रम उलटा असला की मूल अडखळते. मूलच नव्हे, नोंदणी खिडकीवरचा मोठा माणूसही अडखळतो, एवढे त्यात जोडता येईल.

हातांनी लिहिलेल्या चिठ्ठीची तऱ्हा वेगळी. देवनागरी ४ घाईत लिहिला की इंग्रजी आठसारखा दिसतो. नया नगरातल्या एखाद्या वयस्कर रुग्णाने घरून उर्दू आकड्यांत नंबर लिहून आणला, तर त्यातला गोलसर पाच नवख्या माणसाला शून्य वाटू शकतो. (उर्दू लिपी उजवीकडून डावीकडे जाते, पण आकडे मात्र डावीकडून उजवीकडेच वाचायचे असतात. त्यामुळे निदान तो एक घोळ टळतो.)

या चुकांचा मुळापासून अभ्यास केला तो याकोबस व्हर्होफ या डच गणितज्ञाने. त्याचे काम १९६९ मध्ये प्रसिद्ध झाले. लोक आकडे उतरवून घेताना नेमके कुठे घसरतात, याची खरी उदाहरणे त्याने तपासली. दहापैकी सुमारे आठ चुका एकच अंक बदलल्याच्या निघाल्या आणि साधारण एक शेजारच्या दोन अंकांची अदलाबदल झाल्याची. बाकी सारे प्रकार उरलेल्या एकात. डच भाषेतही सत्तेचाळीसमध्ये सात आधी आणि चाळीस नंतर उच्चारतात, हा योगायोग मराठी वाचकाला गंमतीचा वाटेल.

चूक पकडण्याची जुनी युक्ती आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. तिला ‘ताळा’ म्हणतात. गुणाकार झाला की नऊचा ताळा पाहायचा: अंकांची बेरीज, त्या बेरजेची पुन्हा बेरीज, एक अंक उरेपर्यंत. हीच कल्पना लांब क्रमांकाच्या शेपटीला बांधता येते. समजा केसपेपरचा क्रमांक ४७१५ आहे. अंकांची बेरीज १७. ती पुढच्या शून्यान्त संख्येपर्यंत, म्हणजे २० पर्यंत न्यायला ३ लागतात. तो ३ शेवटी जोडला की क्रमांक झाला ४७१५३. आता कोणताही एक अंक चुकला तर बेरीज २० राहणार नाही आणि संगणक लगेच अडवेल. दहापैकी आठ चुकांचा बंदोबस्त एका जादा अंकात झाला.

पण सातची आणि एकची जागा बदलून ४१७५३ असे टाइप झाले तर? बेरीज तीच. ताळा जुळतो, चूक निसटते. नऊच्या ताळ्याचेही हेच दुखणे आहे. ४७१५ मधून ४१७५ वजा केले तर ५४० येतात आणि त्याला नऊने पूर्ण भाग जातो. अंकांची जागा कशीही बदला, फरक नेहमी नऊच्या पटीतच पडतो. म्हणून तर हिशेबात नऊच्या पटीची तफावत आली की जुने कारकून आधी उलटसुलट झालेले अंक शोधत.

या गुणधर्माचे सर्वांत प्रसिद्ध रूप याच रेल्वेमार्गावर जन्मलेल्या माणसाच्या नावाने जगाला माहीत आहे. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणूला जन्मले आणि १९३० पासून १९६२ पर्यंत देवळालीच्या शाळेत शिक्षक होते. पदव्युत्तर शिक्षण नाही, विद्यापीठाची खुर्ची नाही, पण संख्यांशी खेळण्याची चिकाटी अफाट. चार अंकी संख्या घ्यावी, सगळे अंक सारखे नसावेत. अंक उतरत्या क्रमाने मांडून त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करावी आणि उत्तरावर पुन्हा तेच करावे. आपल्या ४७१५ चे पाहा: ७५४१ वजा १४५७ म्हणजे ६०८४. पुढे ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि सातव्या पायरीला ६१७४. त्यानंतर ६१७४ च पुन:पुन्हा. कोणतीही संख्या जास्तीत जास्त सात पायऱ्यांत इथे येऊन थांबते. वजाबाकीच्या दोन्ही बाजूंना तेच अंक, फक्त क्रम वेगळा. त्यामुळे प्रत्येक उत्तर नऊच्या पटीत पडते आणि वाट अरुंद होत जाते. ६१७४ च्या अंकांची बेरीज १८ आहे, ती यामुळेच. मार्टिन गार्डनर यांनी १९७५ मध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये लिहिले तेव्हा कापरेकरांचे नाव जगभर गेले. तोवर इथल्या अनेकांनी त्यांच्या कामाला पोरखेळ ठरवले होते. अंकांची अदलाबदल झाल्यावर संख्येत काय टिकते आणि काय मोडते, हा प्रश्न मात्र पोरखेळ नव्हता. त्याच प्रश्नावर आज रुग्णाची ओळख अवलंबून आहे.

अदलाबदल पकडायची तर प्रत्येक जागेला वेगळे वजन द्यावे लागते. औषधाच्या खोक्यावर किंवा बिस्किटाच्या पुड्यावर बारकोडखाली १३ अंक असतात. भारतात नोंदणी केलेल्या कंपन्यांचे बहुधा ८९० ने सुरू होतात. त्यात एकाआड एक अंकाला तीनने गुणून बेरीज घेतात. ४७१५ ला ही रीत लावली तर ४, २१, १ आणि १५ मिळून ४१. शेवटी ९ जोडला की ५०. आता सात आणि एक उलटले तर बेरीज ३८ होते आणि चूक उघडी पडते. तरीही भोक उरतेच. दोन आणि सात शेजारी असतील, तर २७ चे ७२ झाल्यावर बेरजेत बरोबर १० चा फरक पडतो आणि शेवटचा अंक तसाच राहतो. ज्या दोन अंकांत पाचचा फरक, त्या सगळ्या जोड्या अशा निसटतात.

क्रेडिट कार्डावर आणि मोबाइलच्या १५ अंकी आयएमईआय क्रमांकात वापरतात ती रीत आयबीएमच्या हान्स पीटर लून यांची, १९५० च्या दशकातली. घरी करून पाहण्याजोगी आहे. फोनवर *#०६# दाबावे. येणाऱ्या क्रमांकात उजवीकडून दर दुसरा अंक दुप्पट करावा, उत्तर नऊच्या वर गेले तर त्यातून नऊ वजा करावेत आणि सगळ्याची बेरीज घ्यावी. शेवटी शून्य आले पाहिजे. या रीतीतून फक्त ०९ आणि ९० ही एकच अदलाबदल सुटते.

व्हर्होफना तेवढीही सुटायला नको होती. त्यांचा मार्ग विलक्षण आहे. साध्या बेरजेत तीन अधिक पाच आणि पाच अधिक तीन एकच. क्रमाला किंमत नाही, म्हणून तर अदलाबदल लपते. मग क्रमाला किंमत असलेली ‘बेरीज’च का वापरू नये? पुठ्ठ्याचा समभुज पंचकोन घ्या. तो पाच प्रकारे फिरवता येतो आणि पाच प्रकारे पालथा घालता येतो. एकूण दहा हालचाली, अंकही दहा. प्रत्येक अंकाला एक हालचाल नेमून द्यायची. आधी फिरवून मग पालथा घातलेला पंचकोन आणि आधी पालथा घालून मग फिरवलेला पंचकोन एकाच जागी येत नाहीत. शस्त्रक्रियेच्या टेबलावर आधी भूल मग सुरी आणि आधी सुरी मग भूल या दोन गोष्टी जशा एक नाहीत, तसेच. क्रमांकातला एकेक अंक घेऊन पंचकोन हलवत जायचे (जागेनुसार अंकांची थोडी उलटापालटही करतात) आणि शेवटचा अंक असा निवडायचा की पंचकोन मूळ जागी परत यावा. या रीतीत एक अंक बदलल्याची प्रत्येक चूक आणि शेजारच्या दोन अंकांची प्रत्येक अदलाबदल पकडली जाते. अपवाद नाही.

आधारचा बारावा अंक हाच आहे. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत पहिला आधार क्रमांक दिला गेला, तेव्हापासून तो प्रत्येक कार्डाच्या शेवटी आहे. खिडकीवर ‘सत्तेचाळीस’ ऐकून ७४ टाइप झाले की संगणक क्रमांक नाकारतो तो या पंचकोनामुळे. त्याची मर्यादाही आहे. दोन-दोनच्या जोड्या सांगताना अख्ख्या जोड्याच मागेपुढे झाल्या, ४७ ५२ चे ५२ ४७ झाले, तर पकडले जाण्याची हमी नाही. आणि मनाला येतील ते आकडे ठोकले, तर दहातून एकदा ताळा जुळणारच, कारण शेवटी अंक दहाच आहेत.

इथे संख्येचा दुसरा गुण कामाला येतो: विरळपणा. आधारचा पहिला अंक शून्य किंवा एक नसतो. म्हणजे पहिल्या जागी आठ पर्याय, पुढच्या दहा जागांवर प्रत्येकी दहा आणि शेवटचा अंक ठरलेला. हिशेब केला तर ८,००० कोटी वैध क्रमांक शक्य आहेत. दिलेले आहेत दीडशे कोटींच्या आत. ताळा जुळणारे पन्नास क्रमांक घेतले तर त्यातला जेमतेम एखादा खऱ्या माणसाचा असेल. त्यामुळे आंधळेपणाने टाकलेले १२ अंक दुसऱ्याच कुणाच्या नावावर जाऊन पडण्याची शक्यता पाचशेत एक इतकी खाली येते. हे क्रमांक ओळीने न वाटता विखरून दिले आहेत, त्याचाही यात वाटा आहे.

विखरून देण्यामागे आणखी एक विचार होता, आणि नया नगरासारख्या वस्तीसाठी तो महत्त्वाचा आहे. स्वीडनच्या नागरिक क्रमांकात जन्मतारीखच लिहिलेली असते. आधारच्या अंकांतून वय, लिंग, जिल्हा, जात, धर्म यांतले काहीच वाचता येत नाही. १९९२-९३ नंतर मुंबईतून अनेक कुटुंबे सुरक्षित जागेच्या शोधात इथे आली. नाव सांगितल्यावर समोरच्याच्या चेहऱ्यावर काय बदलते, हे त्यांना चांगले ठाऊक आहे. कार्डावरच्या नावाबद्दल किंवा त्याला जोडलेल्या नोंदींबद्दल ही खात्री देता येणार नाही. पण निदान ती संख्या स्वतःहून काही बोलत नाही.

आता याच्या शेजारी रुग्णालयाचा स्वतःचा क्रमांक ठेवून पाहा. बहुतेक छोट्या दवाखान्यांत आणि अनेक रुग्णालयांत केसपेपरचा क्रमांक एक, दोन, तीन असा ओळीने पडतो. पुष्कळ ठिकाणी १ जानेवारीला पुन्हा एकपासून. त्यात ताळ्याचा अंक नाही आणि रिकामी जागाही नाही. ४७१५ च्या आधी ४७१४ आणि नंतर ४७१६, दोन्ही खरी माणसे, बहुधा त्याच दिवशी त्याच बाकावर बसलेली. इथे कोणतीही चूक हवेत जात नाही. प्रत्येक चूक कुणा ना कुणा जिवंत रुग्णावर जाऊन बसते. आणि प्रयोगशाळेच्या नळीवर, एक्स-रेच्या पाकिटावर, रक्तपेढीच्या मागणीपत्रावर हाताने लिहिला जातो तो हाच क्रमांक! आधारवर सगळ्यांचे लक्ष, पण धोका आहे तो या चार अंकी क्रमांकात.

रक्ताच्या बाबतीत तर तो जिवावर बेततो. ‘ओ’ गटाच्या रुग्णाला ‘ए’ गटाचे रक्त चढले तर काही मिनिटांत प्रकृती ढासळू शकते. अशा घटनांमागे बहुधा प्रयोगशाळेतली तपासणी नसते, तर चुकीच्या माणसाचे नाव किंवा क्रमांक नळीवर पडलेला असतो. म्हणून रक्ताच्या पिशव्यांसाठी जगभर रूढ होत असलेल्या आयएसबीटी १२८ पद्धतीत रक्तदानाच्या क्रमांकापुढे ताळ्याचे एक चिन्ह चौकटीत छापतात. ब्रिटनमध्ये प्रत्येक रुग्णाला १० अंकी एनएचएस क्रमांक असतो. त्याचा दहावा अंक अकराने भागून काढतात. ताळा १० आला तर तो क्रमांक कुणालाच देत नाहीत. आपल्या केसपेपरला असा एक अंक जोडायला नवे यंत्र लागत नाही. संगणक असेल तर प्रणालीत दोन-चार ओळींची भर, नसेल तर आधीच ताळ्यासह छापून आणलेली क्रमांकांची पुस्तके. हे अजून सर्रास होत नाही याचे कारण पैसा नाही. क्रमांक हा मोजदादीसाठी असतो, दिवसाला किती रुग्ण झाले ते सांगण्यासाठी, ही कार्यालयीन समजूत त्यामागे आहे.

पैशाच्या वाटेवरही हेच घडते. क्षयरोगाच्या रुग्णाला निक्षय पोषण योजनेत १ नोव्हेंबर २०२४ पासून दरमहा १,००० रुपये मिळतात. सहा महिन्यांच्या उपचारात ६,०००. औषधांनी भूक परत येते तेव्हा घरात अंडी-डाळ असावी, हा त्यामागचा उद्देश. बँक खात्याच्या क्रमांकाला देशभर एकसारखा ताळ्याचा अंक नाही, प्रत्येक बँकेची लांबी वेगळी. एनईएफटी-आरटीजीएसमध्ये पैसे पाठवण्याआधी खातेदाराचे नाव दाखवण्याची सोय रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२५ पासून बँकांना करायला लावली, ती यासाठीच. सरकारी अनुदान आधारवरून जाते तेव्हा अंकांची चूक टळते, पण दुसरीच गंमत होते. पैसे शेवटी जोडलेल्या खात्यात जमा होतात. रुग्ण जुन्या पासबुकावर नोंद करून घेतो, रक्कम दिसत नाही, आणि पैसे आलेच नाहीत अशी तक्रार घेऊन पुन्हा त्याच खिडकीवर येतो. पैसे असतात त्याच्याच दुसऱ्या, विसरलेल्या खात्यात.

ताळ्याला एक गोष्ट कधीच कळत नाही: क्रमांक कुणाचा आहे. बहिणीच्या कार्डावर आलेली बाई, भावाच्या केसपेपरवर इंजेक्शन घेऊन जाणारा भाऊ, घरातल्या एकाच मोबाइलवर नोंदवलेले पाच जण, या सगळ्यांचे क्रमांक निर्दोष असतात. त्यांना असे का करावे लागते, हेही समजून घ्यायला हवे. कधी कार्डावरचा पत्ता गावाचा असतो, कधी कागद अपुरा म्हणून परत पाठवले जाण्याची भीती असते. आधार नाही म्हणून उपचार नाकारता येत नाहीत, हे खिडकीवर ठळक लिहिले तर उसन्या कार्डांची संख्या आपोआप कमी होईल. नाही तर दोन बहिणींचे रक्तगट, ॲलर्जी आणि औषधे एकाच नोंदीत मिसळतात, आणि पुढे डिजिटल नोंद जितकी टिकाऊ तितकी ती सरमिसळही टिकाऊ.

म्हणूनच रुग्णसुरक्षेचे नियम किमान दोन खुणा पटवून घ्यायला सांगतात: पूर्ण नाव आणि जन्मतारीख, किंवा नाव आणि क्रमांक. विचारण्याची रीतही ठरलेली आहे. ‘तुम्ही फातिमा शेख ना?’ असे विचारले तर तापाने ग्लानीत असलेली, कमी ऐकू येणारी किंवा नुसतीच घाबरलेली बाई मान हलवते, आणि त्या वॉर्डात त्याच नावाच्या तिघी असू शकतात. ‘तुमचं नाव सांगा, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव सांगा, जन्म कधीचा?’ असे विचारले तर उत्तर तिला स्वतःच द्यावे लागते. ते कागदाशी ताडून पाहायचे आणि मगच सुई टोचायची. रक्त काढल्यावर नळीवर नाव लिहायचे ते तिच्या खाटेशेजारी उभे राहूनच. टेबलावर सगळ्या नळ्या मांडून एकदम नाही.